कोंडीचा वाटा: सोलापूर ते दुधनी, आणि पुढं पाच किलोमीटर

माझी धाकटी बहीण कोंडाबाई फोनवर रडत नाही. त्या दिवशीही रडली नाही. म्हणाली, "चंद्राक्का, यंदाबी मला वाटा न्हाय म्हणं. मायाप्पाण्णा दारात येऊन सांगून गेला." मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग नातीला हाक मारली, "रेणू, शनिवार-रविवार मोकळी हायस का? दुधनीला जायचंय."

हे लिहायचं खूळ रेणूचंच. मी फोनसमोर बोलते, फोन लिहितो, आणि मग चष्मा लावून मी त्याच्या चुका काढते. तिसरी पास आहे मी, पण फोनपेक्षा बरं मराठी येतं. लोक डोंगर-समुद्र बघून येतात आणि लिहितात. मी मटणाचा एक वाटा मागायला गेले होते. ज्याला डोंगर पाहिजेत त्यानं दुसरीकडं वाचावं.

आधी वाटा म्हणजे काय ते सांगते. आमचं माहेर दुधनीच्या पुढं पाच किलोमीटरवर. गावाचं नाव सांगणार नाही. मी सोलापूरच्या भवानी पेठेत राहते, मला कुणी काय करणार, पण बहिणीला तिथंच राहायचंय. शेरडं-मेंढरं आणि कोरडवाहू रान, असलं गाव. तुरी निघाल्या की रानातल्या म्हसोबाला गावकीची तीन बकरी पडतात. पंगत घालत नाहीत, कच्च्या मटणाचे वाटे घालतात. उंबऱ्याला एक वाटा. एकतीस उंबरे, एकतीस ढीग. तराजू लावायचा नाही. एक माणूस हातानं, नजरेनं ढीग सारखे करतो. मग दुसऱ्या एकाला ढिगांकडं पाठ करून बसवतात. वाटे घालणारा एकेका ढिगावर बोट ठेवून कानडीत विचारतो, "इदु यारदु?" म्हणजे हा कुणाचा. पाठमोरा बसलेला एका घराचं नाव घेतो. ज्याचं नाव निघालं त्यानं तो ढीग उचलायचा. पाठमोऱ्याचा शब्द फिरवायचा नाही. फिरवला तर बकरं बाटलं, असं मानतात.

मी आठ वर्षांची असल्यापासून लग्न होईपर्यंत, चार वर्षं, पाठमोरी मीच बसायचे. सगळ्या घरांची नावं तोंडपाठ होती. लई मिरवायचे मी. मलाच का बसवतात, ते खूप नंतर कळलं. पोरीला वाटा नसतो. तिला कुठलाच ढीग मिळायचा नाही, म्हणून ती खोटं बोलणार नाही. इतका सरळ हिशेब.

वाटा नुसता मटणाचा नसतो. ज्याचा वाटा त्याचा उंबरा गावात मोजलेला. म्हसोबाला दिवा लावायचा आठवडा त्या घरांना फिरून येतो. गावकीचं काही ठरवायचं असलं तर त्यांना विचारतात. आणि त्या घरात कुणी मेलं तर बाकीच्या प्रत्येक घरातून एक माणूस खांद्याला येतोच येतो. वाटा नसलेल्याच्या मयताला यायचं नाही असं कुणी म्हणत नाही. यायलाच पाहिजे असंही कुणी म्हणत नाही.

कोंडी त्याच गावात दिलेली. मूलबाळ नाही. नवरा दोन वर्षांमागं गेला आणि घराचा वाटा बंद झाला, बत्तिसाचे एकतीस झाले. उंबऱ्यात पुरुष नाही, हे कारण. मागच्या वर्षी ही पातेलं घेऊन ताडपत्रीपाशी जाऊन उभी राहिली, आणि रिकामं पातेलं घेऊन घरी आली. कोंडीच्या तोंडात दात चार. मटण तिला चावतसुद्धा नाही. ती कशासाठी उभी होती ते गावाला कळलं नसेल असं मला वाटत नाही.

शनिवार, सकाळ

सोलापूरच्या स्टँडवरून अक्कलकोटच्या गाड्या सकाळी लागोपाठ असतात. सातच्या आत गेलात तर बसायला मिळतं. आम्ही साडेसातला गेलो, म्हणून उभ्या. रस्ता आता चांगला रुंद झालाय, तासाभरात पोचवतो. पिशवीत कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि पाण्याची बाटली घेतली होती. तुम्हीही घ्या. कडक भाकरी आठ दिवस मोडत नाही आणि वाटेतल्या वड्यासारखी पोटात भांडत नाही.

बायकांना एसटीला अर्धं तिकीट आहे. कंडक्टर बाईनं आमची तिकिटं फाडली, तसा खिडकीपाशी बसलेला एक पांढऱ्या शर्टाचा माणूस सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "समान हक्क पायजेत आणि तिकीट मात्र अर्धं. वा रे समान!"

मी म्हटलं, "खरं हाय बाबा तुजं. आपन समान करू. तू पुरं तिकीट काढून बसलायस, मी अर्धं काढून हुबी हाय. अर्धा रस्ता तू बस, अर्धा मी बसते. ऊठ."

गाडी हसली. तो उठला नाही. त्याच्या मागच्या सीटवरची कॉलेजातली पोरगी उठली. मी बसले. समान नाही झालं, पण गुडघ्यांना बरं वाटलं.

रेणू माझ्याशेजारी दांडीला लोंबकळत कागद वाचत होती. तिच्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा होती. विषय होता, 'समता ही सुद्धा एक श्रद्धाच आहे काय?' कोण काढतं असले विषय, देव जाणे. मी विचारलं, "तू काय बोलणार?"

"मी होय म्हणणार आहे, आजी. बघ ना, सगळी माणसं समान आहेत, हे सिद्ध कसं करणार? कुणी उंच, कुणी हुशार, कुणी आजारी. डोळ्यांना तर सगळीकडे फरकच दिसतो. तरीही आपण म्हणतो की समान आहेत. पुरावा नसताना मानायचं, यालाच श्रद्धा म्हणतात. तू देव मानत नाहीस, पण समता मानतेस. म्हणजे तूही भक्तच झालीस."

"मी कुनाची भक्त न्हाय."

"हेच सगळे भक्त म्हणतात," ती म्हणाली. वात्रट आहे. माझ्यावर गेलीय.

मला राग आला तो का, हे अक्कलकोट येईपर्यंत शोधत होते. टॉवेलांच्या कारखान्यात मी पस्तीस वर्षं काठाला शिलाई मारली. शेजारच्या मशीनवरचा पुरुष तेच काम करायचा आणि त्याची मजुरी जास्त. मी भांडले तेव्हा मालकानं मला पुरावा मागितला नव्हता. "अशी रीतच हाय," म्हणाला होता. रीतीला पुरावा लागत नाही. पुरावा फक्त माझ्याकडं मागतात.

अक्कलकोट, दुपारचं जेवण

अक्कलकोटला उतरलात की फार विचार करू नका, अन्नछत्रात जेवा. पैसे कुणी मागत नाही. रांग असते, पण भराभर सरकते. मी दर्शनाला गेले नाही, रेणू जाऊन आली. मी चपला सांभाळत बसले. कुणीतरी बसावंच लागतं.

पंगतीत माझ्या डावीकडं गुलबर्ग्याकडची बाई होती, दोन्ही हातांत कोपरापर्यंत सोनं. उजवीकडं एक म्हातारा, सदऱ्याला दोनच गुंड्या. बाई कानडीत बोलायची, म्हातारा मराठीत, मी दोन्हीत. वाढणाऱ्या माणसाला मी आधीच सांगितलं, "बाबा, मी दर्शन घेतलं न्हाय. चालंल का?"

तो म्हणाला, "पोटाला दर्शन लागत न्हाय, आज्जी. ताट सरळ करा, आमटी सांडंल."

शहाणा माणूस. भात, आमटी, भाजी, गोडाचं. आमटी तिखट नव्हती, म्हणून पिशवीतली चटणी काढली. सोन्याच्या बाईनंही हात पुढं केला. दिली.

रेणूला लगेच मुद्दा सापडला. "बघ आजी. इथं सगळे एका रांगेत, एकच आमटी. श्रद्धा आहे म्हणून समता आहे."

"हितं समदे एका जेवणाचे पावने हायेत. पावन्यांत समान करायला काय जातंय? ही बाई घरी गेल्यावर ह्या म्हाताऱ्याला शेजारी बसवून जेवू घालंल का, ते इचार."

"हळू बोल ना!"

"तिला मराठी समजंना," मी म्हटलं. तिला समजत होतं. मान खाली घालून जेवली, आणि उठताना म्हाताऱ्याचं पाण्याचं भांडं स्वतः भरून ठेवलं. हे मी बघितलं. माझ्या मुद्द्याच्या विरुद्ध गेलं, म्हणून लपवणार नाही.

दुधनी आणि पुढं

अक्कलकोटहून दुधनीच्या गाड्या तेवढ्या नाहीत. स्टँडवर विचारून घ्या आणि सांगितलेल्या वेळेत अर्धा तास मिळवा. सोलापूरहून रेल्वेनंही दुधनीला उतरता येतं, पण मग अक्कलकोटचं जेवण चुकतं. या दिवसांत रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर असतात. त्यांच्या मागं सापडलात की झोप काढायची. दुधनीत तुरीचा बाजार भरात होता, पोत्यांच्या थप्प्या पार रस्त्यापर्यंत. हवेत तुरीची धूळ. ज्याला दमा आहे त्यानं तोंडाला पदर लावावा. चहा मात्र दुधनीत प्या, पुढं मिळत नाही.

दुधनीपासून गावापर्यंत वडाप. जीप दहा माणसं भरली की निघते आणि चौदा भरली तरी ड्रायव्हर दहाच म्हणतो. मी मोजून दाखवली. तो म्हणाला, "आज्जी, बारकी पोरं मोजत नसतेत." त्यातली एक पोरगी पंधरा वर्षांची होती. कोण मोजायचं आणि कोण नाही, हे ज्याच्या हातात गाडी तो ठरवतो.

कोंडी दारातच बसली होती. आमच्याकडं बघून म्हणाली, "कशाला आलीस?"

"तुजं घर मोडतंय का बघायला."

"मोडलं तर कळवलं आसतं की." मग रेणूच्या गालावरून हात फिरवला आणि आत जाऊन हुग्गी चुलीवर ठेवली. हुग्गी म्हणजे गव्हाची गुळाची खीर. आमच्याकडं पाहुणा आल्याचं पहिल्यांदा चुलीला कळतं.

खाताना म्हणाली, "आक्का, उद्या तू काय बोलू नको. तू जाशील सोलापूरला. मला हितं ऱ्हायाचंय."

"वाटा पायजे का न्हाय तुला?"

ती चुलीत काटक्या सारत राहिली. "मी मेल्यावर चार मानसं तरी येतील का, एवढंच माज्या डोस्क्यात हाय. मागल्या पावसाळ्यात मी आठ दिस तापानं पडले. कुनी आलं न्हाय. यायलाच पायजे आसं न्हवतं ना."

एवढंच बोलली. नंतर रेणूला म्हणाली, खा अजून, काडी झालीयस.

शनिवार, दिवस मावळायच्या आत

मायाप्पा आपणहून आला. माझा चुलतभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. चाळीस वर्षं वाटे तोच घालतो. त्याच्या हाताला तराजूची सवय नाही, तराजूला त्याच्या हाताची असेल. लबाड माणूस नाही हे आधीच सांगते. लबाड असता तर माझं काम सोपं होतं.

कट्ट्यावर टेकला. "ऊटा आतेन आक्का?" म्हणजे जेवलीस का. मग म्हणाला, "तू का आलीस ते मला ठावं हाय. पर नियम मी केल्याला न्हाय. देवाचा हाय."

"देवानं कवा सांगितलं तुला?"

"वाडवडलांपासनं हाय."

"वाडवडलांपासनं तीस वाटं हुतं, मायाप्पा. बत्तीस कुनी केलं?"

 बत्तीस त्यानंच केले होते. वेशीबाहेरच्या दोन घरांना आमच्या लहानपणी ताडपत्रीवर वाटा नव्हता. त्यांना बाजूला बोलावून मुंडी आणि आतडी द्यायचे. पंचवीस वर्षांपूर्वी मायाप्पानं सगळ्या गावाशी भांडण घेऊन त्यांचे दोन ढीग ताडपत्रीवर घातले. तेव्हा त्याच्या घरावर दगड पडले होते. मी सोलापुरात ऐकलं तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता, पण त्याला कधी सांगितलं नाही. आताही नाही.

"ते येगळं," तो म्हणाला. "त्या घरांत कर्ती मानसं हायेत."

"कोंडीच्या घरात कर्तं कोन हाय मग? मांजर?"

रेणू फिस्सकन हसली. मायाप्पाला ते लागलं. "आक्का, तू समान समान म्हनतीस. मला दावीव की कुटं हाय समान. मी उभ्या जन्मात दोन मानसं सारखी बघितली न्हाईत. दोन शेरडं बघितली न्हाईत. हे तुमचं समान बी एक देवच की. आमचा दगूड निदान दिसतो. तुमचा तर दिसतबी न्हाय, आनी तुमी त्याच्यासाठी भांडाया गाडी धरून येता."

रेणूनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जशी तिनंच त्याला पाठवलं होतं.

मी म्हटलं, "तू मला दोन वाटं सारखं दावीव."

"आँ?"

"चाळीस वर्सं घालतोस. दोन तरी वाटं सारखं झालं का कवा? खरं सांग."

तो विचार करू लागला. हे त्याचं मला आवडतं, विचारलं तर विचार करतो. "न्हाय," म्हणाला. "एकात मांडी येती, एकात बरगडी. कलेजी तर पुरतच न्हाय. उन्नीस-बीस हुतंच."

"मग घालतोस कशाला?"

"न्हाय घालून कसं चालंल?"

"आनी पाठ करून मानूस कशाला बसवता?"

"उन्नीस कुनाला गेला आनी बीस कुनाला गेला, ते माज्या हातात नसावं म्हनून."

"हेच," मी म्हटलं. "कुनी न बघितलेला सारखा वाटा तू दरसाल घालतोस. जमत न्हाय तरी घालतोस, आनी सोताचा भरवसा न्हाय म्हनून दुसऱ्याची पाठ करतोस. ह्यो देव आसंल तर तुजाबी हाय. माज्या एकटीचा न्हाय."

 उठताना मायाप्पा म्हणाला, "नियम मोडता येनार न्हाय, आक्का. पर उद्या पाठ तू कर. ल्हानपनीवानी. लई वर्सं झाली."

मला खूश करायला म्हणाला होता. चांगल्या मनानं म्हणाला होता. मी हो म्हटलं.

रविवार, ताडपत्रीवर

सकाळी थंडी होती, शाल लागतेच. म्हसोबा गावापासून अर्धा तास चालत, रानात. बाया लांब बांधावर बसतात. बघायला येणाऱ्यांना कुणी अडवत नाही, फक्त फोटो काढू नका. रेणूनं काढला आणि बोलणी खाल्ली.

बकरी सोलून झाली होती. मायाप्पा ताडपत्रीवर उकिडवा बसून ढीग घालत होता. एका ढिगातून फासळी उचलायची, दुसऱ्यात टाकायची. परत लांबून बघायचं. परत एक तुकडा हलवायचा. मी इतकी वर्षं कापड बघितलं, पण असं काम करणारा हात दुसरा बघितला नाही. एकतीस ढीग झाले. मी मोजले.

मग मला ढिगांकडं पाठ करून दगडावर बसवलं. समोर बाभूळ, आणि बाभळीखाली कोंडी. येऊ नको म्हणत होती मला, आणि स्वतः पातेलं घेऊन आली होती. पातेलं घासून लखलखीत केलेलं. कुणी वाटा देणार नाही हे माहीत असून पातेलं घासून आणणाऱ्या बाईला काय म्हणायचं, ते रेणूनं तिच्या स्पर्धेत सांगावं.

खोटं कशाला बोलू, आदल्या दिवशी मी काही ठरवलं नव्हतं. पातेलं बघितलं आणि ठरलं.

मागून मायाप्पाचा आवाज आला, "इदु यारदु?"

"बिराप्पाचा."

"इदु यारदु?"

"शिवरामचा."

नावं बदललेली होती, बापांच्या जागी पोरं आलेली, पण घरं तीच. दहा नावं झाली. अकराव्याला मी म्हटलं, "कोंडाबाईचा."

मागं सगळं थांबलं. मग मायाप्पा हळू बोलला, "आक्का. उंबऱ्याचं नाव घे."

"घेतलं की."

"त्यो उंबरा धरल्याला न्हाय."

"तू धरला नसशील. काल मी वलांडून आत गेले. हुग्गी खाल्ली. हाय उंबरा."

कुणीतरी हसलं. कुणीतरी ओरडलं, "म्हातारीला उठवा तितनं!" मी वळले नाही. म्हटलं, "मायाप्पा, पाठमोरीचा शब्द फिरवतोस का? फिरव. तुजा देव हाय, तुजं बकरं हाय. बाटवायचं तर बाटव."

मला त्याचं तोंड दिसत नव्हतं. कोंडीचं दिसत होतं. ती मला मान हलवून नको नको म्हणत होती आणि पातेलं मात्र दोन्ही हातांनी धरून होती.

मागून आवाज आला, "इदु यारदु?" बाराव्या ढिगावर. तो पुढं गेला होता.

मी पुढची नावं घेत गेले. मनात मोजत होते. एकतिसावा ढीग शिवाप्पाला गेला आणि ताडपत्री रिकामी झाली. एक घर राहिलं. मायाप्पाचं. त्याचं नाव मी मुद्दाम घेतलं नव्हतं. दुसऱ्या कुणाचं राहू देणं मला पटलं नाही. ज्यानं नियम धरला होता, रिकाम्या भांड्याचं वजनही त्यालाच कळावं.

उठून वळले. मायाप्पा हातात रिकामी पाटी घेऊन उभा होता. गलका झाला. परत घाला, कोण म्हणालं. शब्द फिरत नसतो, कोण म्हणालं. सोलापूरच्या बाईला बसवलंच कुणी, हेही झालं.  मायाप्पा रिकाम्या ताडपत्रीकडं बघत होता, आणि त्याच्या तोंडावर राग नव्हता, लाज होती. चाळीस वर्षांत त्याच्या हातून एकही वाटा कमी पडलेला नव्हता.

मग शिवराम पुढं आला. वेशीबाहेरच्या दोन घरांपैकी एक घर त्याचं. त्यानं आपल्या ढिगातला एक चांगला तुकडा काढून ताडपत्रीवर ठेवला आणि मागं सरकला. मग बिराप्पानं ठेवला. मग एकेक जण. कोंडी आली, तिनंही ठेवला, आणि कुणाकडं न बघता गेली. दोन घरांनी नाही ठेवला. त्यांची नावं मला माहीत आहेत, म्हसोबालाही असतील.

बत्तिसावा ढीग झाला. मायाप्पानं त्याच्याकडं बघितलं, उकिडवा बसला, हातानं अंदाज घेतला. जड झाला होता. इतरांपेक्षा जास्त. त्यानं त्यातले चार तुकडे काढले आणि ज्यांचे ढीग बारके दिसत होते त्यांच्या भांड्यांत टाकत गेला. त्यातला एक कोंडीच्या पातेल्यात पडला. माझ्याकडं मात्र त्यानं बघितलं नाही. निघेपर्यंत बोललाही नाही.

दुपारी कोंडीनं रस्सा केला, झणझणीत. स्वतः भाकरी कुस्करून नुसता रस्साच प्याली, तुकडे आम्हाला वाढले. "गावात तोंड दावायला जागा ठिवली न्हाईस," असं चार वेळा म्हणाली, आणि पाचव्यांदा रस्सा घेतला.

परत

दुधनीहून परतीची शेवटची गाडी धरायची तर चारच्या आत वडाप गाठा. आम्ही गाठली. जीपमध्ये रेणू फुगून बसली होती. अक्कलकोट सोडल्यावर बोलली.

"आजी, ते तुला मानानं बसवत होते. तू त्यांचा विश्वास मोडलास."

"व्हय. मोडला."

"मग? तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतंय की. तो माज्याशी बोलला न्हाय ते वाटतंय. पर मला आठ वर्सांची आसताना तितं बसवलं, कारन मला काय मिळनार न्हवतं. जिला काय मिळत न्हाय तिनं खरं बोलायचं, आनी बाकीच्यांनी ढीग उचलायचे. ल्हानपनी मी खरंच बोलले. आजबी खरंच बोलले. कोंडीचा उंबरा हाय."

तिनं पिशवीतून स्पर्धेचा कागद काढला. मग म्हणाली, "म्हणजे समता ही श्रद्धा आहे की नाही? एक काहीतरी सांग. मला गुरुवारी बोलायचंय."

मी तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते. म्हणायचं तर म्हणा श्रद्धा. मला त्या शब्दाची भीती नाही. पण मग दगडाला जो मान देता तोच माझ्या श्रद्धेला द्या. म्हसोबाला कुणी म्हणत नाही, आधी सिद्ध कर, मग बकरं देतो. माझ्या समानालाच दर वेळी दारात उभं करून कागद मागता, हे चालायचं नाही. आणि एक फरक आहे. म्हसोबाला वर्षभर कुणी दिवा लावला नाही तरी दगड रानात राहतोच. समान तसं राहत नाही. वाटे घातले तर आहे, नाही घातले तर नाही. त्याला मागं कुणी देव नाही, पुढं माणसं लागतात. म्हणून माझ्या श्रद्धेला हात जोडून भागत नाही, हात घालावा लागतो. आणि कधीकधी पाठ करून बसून दांडगाई करावी लागते.

रेणूनं गुरुवारी हे सगळं तिच्या शुद्ध भाषेत सांगितलं. नंबर आला नाही. परीक्षक म्हणाले, विषयाला धरून नव्हतं. मी म्हटलं, मटणाचा वास आला असेल त्यांना.

जाऊन आल्याला आता महिना होत आला. कारखाना सुटला तरी सकाळी सहाला जाग येते, आणि पहिला विचार मायाप्पाच्या त्या रिकाम्या पाटीचा येतो. चुकलं असं नाही म्हणत. येतो, एवढंच.

परवा कोंडीचा फोन आला. आवाज चढलेला.

"आक्का, तुज्यापायी माज्या मागं काय लागलंय बघ. मायाप्पाण्णा दारात येऊन सांगून गेला. सोमवारपासनं दिव्याचा आठवडा तुजा म्हनं. ज्याचा वाटा त्याचा दिवा. ह्या गुडघ्यांनी मी रानात जाऊ व्हय रोज सांजचं?"

"मग न्हाय म्हन की त्याला."

"न्हाय कशाला म्हनू?" ती माझ्यावर खेकसली. "माजा आठवडा हाय!" आणि फोन ठेवला.

रेणू म्हणाली, आपण इथून तेलाचा डबा पाठवू या का. मी नको म्हटलं. बाकीची एकतीस घरं आपापलं तेल घालतात. कोंडीच्या उंबऱ्याचं कोंडी घालेल.